संमिश्र संख्या हातानं शिकताना: आलेख कागद, टाचणी आणि एक काटकोन

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांच्या प्रकरणात विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमूळाच्या चिन्हाखाली येणारी संख्या, काढायला शिकवतात. विवेचक शून्याहून लहान आला की एक ठरलेली ओळ लिहायची असते: मुळे वास्तव संख्या नाहीत. ओळ लिहिली, मार्क मिळाले, गणित मिटलं. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की त्याच मिटलेल्या गणितापासून नवं प्रकरण सुरू होतं आणि फळ्यावर पहिलंच वाक्य येतं, उणे एकचं वर्गमूळ म्हणजे आय.

माझी भाची अकरावीत गेली तेव्हा वही घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, जे नाहीच आहे त्याच्या बेरजा-वजाबाक्या कशाला करायच्या?" प्रश्न अगदी रास्त होता. तिला नियम सगळे पाठ होते, गणितंही सुटत होती, पण आपण काय करतोय हे कळत नव्हतं. मी तिला वर्गमूळ बाजूला ठेवायला सांगितलं आणि आलेख कागद काढला. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की या विषयाला वर्गमूळाच्या दारानं आत नेऊ नये, वळण्याच्या दारानं न्यावं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

सामान साधं आहे: आलेख कागदाची दोन-तीन पानं, एक बटर पेपर, टाचणी, पेन्सिल, पट्टी आणि कंपासपेटीतला कोनमापक. कंसांचा गुणाकार आणि पायथागोरसचं प्रमेय येत असलं की पुरे. एका बैठकीत सगळं संपवू नका. चौथ्या पायरीपर्यंत एक संध्याकाळ घ्या, बाकीचं दुसऱ्या दिवशी. इंग्रजीत ज्या अक्षराला आय म्हणतात ते मी इथे 'आय' असंच लिहिते आहे. अज्ञात संख्येसाठी आपला नेहमीचा 'क्ष' आहेच.

पहिली पायरी: उणे म्हणजे मागे वळणं

ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण यांच्या गणिताचे नियम लिहून ठेवले आणि तेच शब्द आपण आजही वापरतो. बेरजेसाठी कर्जाचं चित्र उत्तम चालतं. खिशात ५ रुपये, उधारी ८ रुपये, म्हणजे एकूण उणे ३. गुणाकाराला मात्र ते चित्र पुरत नाही. उधारीला उधारीनं गुणलं की जमा कशी होते, हे सातवीतल्या मुलाला कुणीच नीट सांगू शकत नाही. मूल नियम पाठ करतं आणि पुढे जातं.

त्यापेक्षा शाळेतली कवायत आठवा. पीटीचे सर ओरडायचे, "पीछे मूड!" सगळी रांग गर्रकन मागे फिरायची. लगेच पुन्हा "पीछे मूड!" आणि रांग पहिल्या दिशेला तोंड करून उभी.

आता कागदावर एक आडवी संख्यारेषा काढा. शून्यापासून ३ पर्यंत एक बाण काढा. त्याला उणे एकनं गुणलं की तो उणे ३ वर जातो. बाणाची लांबी तीच राहिली, फक्त तो शून्याभोवती अर्धा फेरा फिरला. पुन्हा उणे एकनं गुणा, म्हणजे आणखी अर्धा फेरा, आणि बाण परत ३ वर. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, कारण दोनदा मागे वळलं की माणूस समोरच बघतो.

आणि २ नं गुणलं तर? बाण वळत नाही, दुप्पट ताणला जातो. उणे २ नं गुणलं तर ताणलाही जातो आणि मागेही वळतो. एवढं पक्कं धरून ठेवा: गुणाकार म्हणजे ताणणं आणि वळवणं. या लेखातलं बाकीचं सगळं याच एका वाक्यावर उभं आहे.

दुसरी पायरी: अर्ध्याचं अर्धं

आता सरांनी अशी कोणती आज्ञा द्यावी, जी लागोपाठ दोनदा पाळली की 'पीछे मूड' होईल?

कवायत केलेल्या कुणालाही याचं उत्तर लगेच येतं: "बाये मूड". दोनदा डावीकडे वळलं की माणूस मागे तोंड करून उभा राहतो.

कागदावर १ चा बाण डावीकडे पाव फेरा फिरवा. तो रेषेवर राहत नाही, रेषेला काटकोन करून सरळ वर उभा राहतो. या पाव फेऱ्याचं नाव आय. पाव फेरा दोनदा म्हणजे अर्धा फेरा, म्हणजेच आय × आय = −१. पुस्तकातलं 'आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ' हे वाक्य एवढंच सांगतं. दोनदा 'दाहिने मूड' केलं तरी माणूस मागेच वळतो, म्हणून −आय हेसुद्धा −१ चं वर्गमूळ आहे. ९ ला ३ आणि −३ अशी दोन वर्गमूळं असतात, तसंच हे.

मग आधीचे गणिती वर्गमूळ नाही असं का म्हणत होते? कारण ते रेषेवर उभे होते. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय, "न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्". ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नाही. त्यांच्याआधी नवव्या शतकात महावीराचार्यांनीही हेच म्हटलं होतं. रेषेपुरतं हे विधान शंभर टक्के खरं आहे, आणि दहावीच्या उत्तरातली ती ठरलेली ओळ याच विधानाची नात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे. त्या बाजूला गेलात तर जरूर बघा.

तिसरी पायरी: पत्ता लिहायला शिका

आलेख कागदावर आरंभबिंदूपासून तीन घरं उजवीकडे आणि चार घरं वर जा. जिथे पोहोचलात त्या बिंदूचा पत्ता ३ + ४आय. दोन प्रकारची पावलं एकत्र आली म्हणून ही संमिश्र संख्या. ३ हा वास्तव भाग आणि ४ हा काल्पनिक भाग. इथे एक बारीक गोष्ट सांभाळा: काल्पनिक भाग विचारला तर उत्तर ४ असतं, ४आय नव्हे. मार्क इथेच जातात.

बेरीज म्हणजे एकापुढे एक चालणं. ३ + ४आय वर उभे आहात, तिथून २ − आय एवढं चाला: दोन घरं आणखी उजवीकडे, एक घर खाली. पोहोचलात ५ + ३आय वर. वास्तव वास्तवात मिळवायचं, काल्पनिक काल्पनिकात. बेरजेबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

शून्यापासून ३ + ४आय पर्यंतचं सरळ अंतर किती? काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ आणि ४, म्हणजे कर्ण ५. या लांबीला मॉड्युलस म्हणतात. बाण उजव्या बाजूच्या आडव्या रेषेशी जो कोन करतो तो कोनमापकानं मोजा, साधारण ५३ अंश येईल. म्हणजे पत्ता सांगायच्या दोन पद्धती झाल्या: 'इतकं उजवीकडे, इतकं वर' किंवा 'इतकं अंतर, इतक्या कोनात'. पहिली बेरजेला सोयीची, दुसरी गुणाकाराला.

'काल्पनिक' या शब्दाबद्दल मला मनापासून तक्रार आहे. १६३७ मध्ये फ्रेंच गणिती देकार्तनं हा शब्द वापरला तेव्हा या संख्यांचं कुठलंही चित्र कुणाकडे नव्हतं. ते चित्र काढलं कॅस्पर वेसेल या भूमापकानं. नॉर्वेत जन्मलेला हा माणूस डेन्मार्कमध्ये जमिनी मोजायचा, नकाशे काढायचा. १७९७ मध्ये त्यानं आपला निबंध तिथल्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला, १७९९ मध्ये तो डॅनिश भाषेत छापला गेला, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं बाहेरच्या कुणी तो वाचला नाही. १८०६ मध्ये पॅरिसमध्ये आर्गांनं स्वतंत्रपणे तेच चित्र काढलं, आणि आज पाठ्यपुस्तकात त्या प्रतलाला त्याचं नाव आहे. ज्याचा धंदाच दिशा आणि अंतर मोजण्याचा, त्याला हे आधी दिसावं यात मला फार अर्थ वाटतो. १८३१ मध्ये जर्मन गणिती गाउसनं लिहिलं की अधिक, उणे आणि काल्पनिक या नावांऐवजी सरळ, उलट आणि बाजूचं अशी नावं ठेवली असती तर या संख्यांभोवतीचा अंधार राहिलाच नसता. वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या तासाला हे सांगावं. नाव बदलता येत नाही, पण मुलाच्या मनात 'काल्पनिक' ऐवजी 'बाजूची' असं उमटलं तर निम्मी भीती तिथेच जाते.

चौथी पायरी: टाचणी लावून गुणाकार

हा प्रयोग प्रत्यक्ष करा, नुसता वाचून सोडू नका.

आलेख कागदावर बटर पेपर ठेवा आणि आरंभबिंदूवर टाचणी टोचा. बटर पेपरवर ३ + आय हा बिंदू ठळक करा, म्हणजे तीन घरं उजवीकडे, एक वर. आता बटर पेपर डावीकडे पाव फेरा फिरवा, आणि बिंदू कुठे गेला ते खालच्या घरांवरून वाचा. एक घर डावीकडे, तीन घरं वर: −१ + ३आय.

हेच आता लिहून करा. (३ + आय) × आय = ३आय + आय × आय = ३आय − १. तेच उत्तर. पुन्हा पाव फेरा, −३ − आय. पुन्हा, १ − ३आय. चौथ्यांदा परत ३ + आय. चारही बिंदू जोडले की एक तिरका चौरस मिळतो. माझ्या भाचीनं हा चौरस पाहिला आणि पेन्सिल खाली ठेवून नुसतीच बघत बसली. बीजगणितातला नियम आणि बोटांखालचा कागद एकच गोष्ट सांगत होते, ते तिला तेव्हा दिसलं.

चार पाव फेरे म्हणजे पूर्ण फेरा, म्हणूनच आयचे घात चाराच्या चक्रात फिरतात: आय, −१, −आय, १ आणि पुन्हा पहिल्यापासून. आयचा २०२३ वा घात विचारला तर २०२३ ला ४ नं भागा, बाकी ३ उरते, उत्तर −आय.

आता दोन्ही संख्या तिरक्या घ्या: (२ + आय) × (३ + आय). कंस नेहमीसारखे सोडवा.

६ + २आय + ३आय + आय × आय = ६ + ५आय − १ = ५ + ५आय.

तिन्ही बाण कागदावर काढा आणि कोनमापक लावा. २ + आय चा कोन साधारण २६.६ अंश, ३ + आय चा साधारण १८.४ अंश. ५ + ५आय मात्र बरोबर ४५ अंशांवर. २६.६ आणि १८.४ ची बेरीज करा. लांब्यांचंही पाहा: पहिल्या बाणाची √५, दुसऱ्याची √१०, उत्तराची √५०. कोनांची बेरीज झाली आणि लांब्यांचा गुणाकार झाला. पहिल्या पायरीत 'ताणणं आणि वळवणं' म्हटलं होतं ते हेच. कुठल्याही दोन संमिश्र संख्या घ्या, याला अपवाद सापडणार नाही.

पाचवी पायरी: भागाकार, आणि तीन खड्डे

नववीत छेदाचं परिमेयीकरण केलं असेल तर भागाकार तुम्हाला आधीच येतो. तिथे २ + √३ ची अनुबद्ध जोडी २ − √३ असते. इथे २ + आय ची जोडी २ − आय. दोघांचा गुणाकार ४ + १ = ५, आय नाहीसा होतो. म्हणून (५ + ५आय) ÷ (२ + आय) करताना वर-खाली २ − आय नं गुणायचं. वर १५ + ५आय येतं, खाली ५, उत्तर ३ + आय. आत्ताच केलेला गुणाकार उलटा फिरला. कागदावर जोडी म्हणजे आडव्या रेषेत पडलेलं प्रतिबिंब, तळ्यात झाड दिसतं तसं.

नवशिके हमखास पडतात ते खड्डे तीन. पहिला सगळ्यात खोल: √−४ × √−९. सवयीनं आतल्या आत गुणून √३६ = ६ लिहिलं जातं. चूक. आधी २आय आणि ३आय करा, मग गुणा, −६ येतं. वर्गमूळं एका चिन्हाखाली आणण्याचा नियम ऋण संख्यांना लागू नाही, म्हणून ऋण संख्येचं वर्गमूळ दिसलं की सगळ्यात आधी त्याचा आय बाहेर काढायची सवय लावा. दुसरा, लहान-मोठं ठरवणं. आय शून्याहून मोठा धरला तर त्याचा वर्गही मोठा हवा, म्हणजे −१ शून्याहून मोठा होईल. लहान धरला तरी तेच. प्रतलावर रांग लागत नाही, फक्त अंतरं मोजता येतात. तिसरा म्हणजे कोन काढताना बिंदू कोणत्या चरणात आहे ते न बघता कॅल्क्युलेटरवर विसंबणं. −१ − आय साठी कॅल्क्युलेटर बिनदिक्कत ४५ अंश देईल, आणि तुमचा बाण तर खाली डावीकडे रोखलेला असेल. आधी चित्र, मग बटण.

सहावी पायरी: दहावीतल्या त्या ओळीकडे परत

क्ष² − ४क्ष + १३ = ०. विवेचक १६ − ५२ = −३६. दहावीत इथे थांबलो होतो. आता √−३६ म्हणजे ६आय, आणि सूत्रानं क्ष = (४ ± ६आय) ÷ २ = २ ± ३आय. ताळा करा: दोन मुळांची बेरीज ४, गुणाकार ४ + ९ = १३. बरोबर जुळलं.

ही मुळं कुठे आहेत ते आलेखातही दिसतं, फक्त कुणी दाखवत नाही. क्ष² − ४क्ष + १३ म्हणजेच (क्ष − २)² + ९. याचा आलेख काढला तर वाटीसारखी वक्ररेषा मिळते. तिचा तळ २ च्या बरोबर वर, आडव्या अक्षापासून ९ उंचीवर तरंगतो. वाटी अक्षाला शिवतच नाही, म्हणून रेषेवर मूळ नाही. पण तळ २ वर आहे आणि उंची ९ चं वर्गमूळ ३ आहे. २ ± ३आय ही मुळं त्या तरंगत्या वाटीतून थेट वाचता येतात.

सातवी पायरी: बोम्बेलीचं गणित

इथपर्यंत येऊनही कुणी म्हणेल, वर्गसमीकरणाला उत्तर नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. इटलीत १५४५ मध्ये कार्दानोनं आपल्या ग्रंथात १० चे असे दोन भाग करा ज्यांचा गुणाकार ४० येईल, हे उदाहरण घेतलं. ५ + √−१५ आणि ५ − √−१५ ही उत्तरं लिहिली आणि हे सूक्ष्म आहे पण निरुपयोगी आहे, असं म्हणून पान उलटलं.

खरी अडचण झाली ती घनसमीकरणात. क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण घ्या. क्ष च्या जागी ४ ठेवून बघा: ६४ = ६० + ४. उत्तर आहे, अगदी साधं आहे, समोर आहे. पण कार्दानोच्या ग्रंथातलं सूत्र वापरलं तर येतं:

क्ष = ∛(२ + √−१२१) + ∛(२ − √−१२१)

आता काय म्हणाल? 'उत्तर नाही' म्हणायची सोय राहिली नाही, कारण उत्तर ४ आहे हे डोळ्यांनी दिसतंय. बोलोन्याचा राफाएल बोम्बेली हा पेशानं अभियंता, दलदलीच्या जमिनी उपसून कोरड्या करण्याच्या कामांवर असायचा. १५७२ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यानं धीर करून या राशींना नेहमीचे नियम लावले. त्यानं केलं ते तुम्हीही करा. √−१२१ म्हणजे ११आय. आता २ + आय चा घन काढा.

(२ + आय) × (२ + आय) = ४ + ४आय − १ = ३ + ४आय.

(३ + ४आय) × (२ + आय) = ६ + ३आय + ८आय − ४ = २ + ११आय.

म्हणजे पहिल्या घनमूळाच्या आत जे आहे ते २ + आय चा घन आहे. दुसऱ्याच्या आत त्याची जोडी, २ − आय चा घन. घनमूळं काढून बेरीज करा: २ + आय + २ − आय = ४. वाटेत बाजूच्या गल्लीत शिरावं लागलं, पण बाहेर पडलो ते हमरस्त्यावरच. भाचीच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हे गणित होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं दोनदा केलं आणि मग तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आठवी पायरी: मूळ काढणं म्हणजे कोन वाटणं

त्याऐवजी तिनं नवा प्रश्न विचारला, "मग आयचं वर्गमूळ काढायला आणखी एक अक्षर लागेल?" हा प्रश्न ज्याला पडतो त्याला विषय कळायला लागलाय असं समजावं.

अक्षर लागत नाही. आय म्हणजे ९० अंशांचं वळण. जे दोनदा केलं की ९० होतं ते ४५. तर ४५ अंशांवरचा १ + आय हा बाण घ्या आणि वर्ग करा: १ + २आय − १ = २आय. दिशा बरोबर आली, लांबी दुप्पट झाली. म्हणून आधीच √२ नं भागून घ्यायचं. (१ + आय) ÷ √२ हे आयचं एक वर्गमूळ, आणि त्याच्या बरोबर उलट दिशेचं दुसरं. कुठल्याही बहुपदी समीकरणाची सगळी मुळं याच कागदावर सापडतात, आणखी नव्या संख्या कधीच लागत नाहीत. गाउसनं १७९९ मध्ये आपल्या प्रबंधात हे सिद्ध करायला घेतलं. त्या सिद्धतेतली एक फट पुढे भरून काढावी लागली, पण विधान अढळ राहिलं.

आता १ ची घनमूळं काढा. पूर्ण फेरा ३६० अंशांचा, त्याचे तीन वाटे, १२० अंश. म्हणजे एक बाण ० अंशावर, एक १२० वर, एक २४० वर, सगळ्यांची लांबी १. पत्ते लिहिले तर १, −१/२ + (√३/२)आय आणि −१/२ − (√३/२)आय. हे तीन बाण कागदावर मोठे काढा, एकेक घर दहा खुणांचं धरून. पुढे लागणार आहेत.

नववी पायरी: घरातल्या विजेपर्यंत

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. एक आवर्तन म्हणजे एक पूर्ण फेरा, २० मिलिसेकंदांचा. हीटरच्या तारेत व्होल्टेज आणि करंट बरोबरीनं चढतात-उतरतात. तांब्याच्या तारेच्या कॉइलमध्ये मात्र करंट व्होल्टेजच्या पाव आवर्तन मागे राहतो, म्हणजे ५ मिलिसेकंद. पाव आवर्तन म्हणजे पाव फेरा, आणि पाव फेऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे.

म्हणून ३० ओहमचा साधा रोध आणि ४० ओहम अडवणारी कॉइल एकापुढे एक जोडली तर दोन्ही मिळून ७० होत नाहीत. ती संख्या ३० + ४०आय अशी लिहितात आणि तिची लांबी मोजतात, ती येते ५०. करंट २३० ÷ ५० = ४.६ अँपिअर. साधी बेरीज केली असती तर ३.३ च्या आसपास आला असता, आणि अँमिटर ते खोटं ठरवेल. बाणाचा कोन साधारण ५३ अंश, त्याचा कोसाइन ०.६. कारखान्यांच्या वीजबिलात पॉवर फॅक्टर म्हणून जो आकडा असतो तो हाच. २३० × ४.६ = १०५८, पण खरी खर्च होणारी शक्ती त्याच्या ०.६ पट, ६३४.८ वॅट. ताळा हवा असेल तर ४.६ × ४.६ × ३० करून बघा. १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत स्टाइनमेट्झ या विद्युत अभियंत्यानं ही रीत मांडली, आणि तोवर जी गणितं लांबलचक समीकरणांनी सोडवावी लागत ती कागदावरच्या त्रिकोणात आली. अभियांत्रिकीच्या पुस्तकात आयऐवजी 'जे' दिसलं तर बिचकू नका. तिथे आय हे अक्षर करंटसाठी आधीच राखलेलं असतं.

आता मघाचे तीन बाण समोर घ्या. रस्त्यावरच्या खांबावरून जी थ्री फेज लाइन येते तिच्यातल्या लाल, पिवळ्या आणि निळ्या फेज एकमेकींपासून १२० अंशांनी मागे-पुढे असतात, म्हणजे अगदी १ च्या तीन घनमूळांसारख्या. तीनही फेजवर सारखाच भार असेल तर परतीच्या न्यूट्रल तारेत किती करंट येईल? पहिला बाण आरंभबिंदूपासून काढा. त्याच्या टोकापासून दुसरा बाण, दिशा न बदलता. दुसऱ्याच्या टोकापासून तिसरा. पट्टी नीट धरली असेल तर समभुज त्रिकोण पूर्ण होईल आणि तिसऱ्या बाणाचं टोक पुन्हा टाचणीच्या भोकावर येऊन टेकेल.